पुढची साथ यायच्या आधी घरात काय करून ठेवायचं आणि आलेल्या फॉरवर्डचं काय करायचं

माझं मेडिकल आहे, तालुक्याच्या गावात, एसटी स्टँडसमोर. 2020 च्या मार्चपासून पुढची दोन वर्षं काउंटरच्या आत उभं राहून एक गोष्ट रोज बघितली, सकाळी लोकांच्या फोनवर जे येतं ते दुपारपर्यंत दुकानात मागायला येतं. एप्रिल 2021 मध्ये कापूर, ओवा, लवंग आणि निलगिरीचं तेल यांची पोटली हुंगली की ऑक्सिजन वाढतो असा मेसेज फिरला आणि दोन दिवसांत आमच्या अख्ख्या पेठेत कापूर शिल्लक राहिला नाही.

त्याच आठवड्यात एक काका आले होते, रिटायर्ड मास्तर, माझे जुने गिऱ्हाईक. ताप येऊन तीन दिवस झालेले. मी म्हणलं काका टेस्ट करा आणि हे बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं मशीन, ऑक्सिमीटर, घेऊन जा, तर म्हणाले अरे मला काही त्रास नाही, पोटली चालू आहे, काढा चालू आहे, बरं वाटतंय. दोन दिवसांनी संध्याकाळी मुलगा पळत आला मशीन न्यायला, घरी जाऊन लावलं तर 81. आणि काका खुर्चीत बसून बोलत होते, चहा पीत होते. कोविडमध्ये हे व्हायचं, ऑक्सिजन उतरलेला असतो आणि माणसाला दम लागल्याचं कळतच नाही. मग रात्रभर बेड शोधला, पहाटे मिळाला, तिसऱ्या दिवशी काका गेले.

तेव्हापासून माझं मत असं झालंय की अफवेचा सगळ्यात मोठा तोटा म्हणजे ती दिवस खाते. कापूर हुंगल्याने काका गेले नाहीत, ते पाच दिवस घरी बसले म्हणून गेले. म्हणून खाली जे लिहितोय ते सगळं एकाच गोष्टीसाठी आहे, साथ आल्यावर आपल्या घरातले पहिले चार-पाच दिवस वाया जाऊ नयेत. यातलं बरंचसं काम साथ नसतानाच करायचंय, म्हणजे आत्ताच.

सगळ्यात आधी एक कागद

वहीचं पान घ्या, मोबाईलमध्ये नको कारण फोन लॉक असतो आणि आजारी माणूसच फोनचा मालक असतो. त्यावर घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय, कुठला आजार आहे, रोजच्या गोळ्या कुठल्या आणि किती पॉवरच्या, कशाची ॲलर्जी आहे हे लिहा. गोळीचा रंग लिहू नका, नाव लिहा. माझ्याकडे लोक येतात आणि म्हणतात ती छोटी गुलाबी बीपीची द्या, अहो छोट्या गुलाबी खूप आहेत. रात्री अडीच वाजता ॲडमिट करताना डॉक्टर हेच विचारतात आणि घरात ज्याला माहीत असतं तोच माणूस तापाने पडलेला असतो.

खाली नंबर लिहा. नेहमीचे डॉक्टर, जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय, वॉर्डाच्या किंवा गावाच्या आशाताई, रात्री गाडी काढू शकेल असा एक शेजारी, ॲम्ब्युलन्स 108, आरोग्याची हेल्पलाईन 104. आशाताईंचा नंबर घरात नसेल तर आज घ्या. 2020 च्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत घरोघरी जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजला गेला, तेव्हा आमच्या भागात दारोदार फिरणाऱ्या याच बायका होत्या, कोणाच्या घरात कोण खोकतंय हे त्यांना आपल्या आधी कळतं.

आणि शेवटची ओळ, ही सगळ्यात महत्त्वाची, ती अशी की "आरोग्याचं काही ऐकलं तर विचारायचं कोणाला". इथे एकाच माणसाचं नाव लिहा. तुमचे फॅमिली डॉक्टर असतील, नात्यातली नर्स असेल, ओळखीचा फार्मासिस्ट असेल. हे घरातल्या सगळ्यांनी बसून आधीच ठरवायचं. घबराट उडाल्यावर ठरवायला गेलं की ज्याचा आवाज मोठा त्याचं चालतं.

डबा

यावर फार लिहीत नाही. पॅरासिटामॉलच्या दोन स्ट्रिप, थर्मामीटर, ऑक्सिमीटर, ओआरएसची पाकिटं, चांगले मास्क, साबण आणि रोजच्या गोळ्यांचा महिनाभराचा जास्तीचा साठा. एवढंच. ओआरएस नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. सॅनिटायझर घेतलं तर त्यात अल्कोहोल निदान 60 टक्के आहे ना ते बघा आणि ते लावून लगेच गॅसजवळ जाऊ नका.

अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड मात्र डब्यात ठेवू नका, हात जोडून सांगतो. दुसऱ्या लाटेत कोणाच्या तरी मेहुण्याची डॉक्टरची चिठ्ठी फोटो काढून ग्रुपवर फिरायची आणि लोक तो फोटो दाखवून औषधं मागायचे, आयव्हरमेक्टिन, डॉक्सी, झिंक आणि खाली एक स्टिरॉइड. ज्याला ती लिहिली होती तो माणूस ऑक्सिजनवर होता, हा तर स्कूटरवर आलाय. जून 2020 मध्येच इंग्लंडमधल्या रिकव्हरी नावाच्या मोठ्या चाचणीत दिसलं होतं की डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागलेल्या पेशंटचे जीव वाचवतं, पण ज्यांना ऑक्सिजनची गरज नाही त्यांना त्याचा काही फायदा नाही. उलट स्टिरॉइडने शुगर वाढते, आणि मे 2021 मध्ये म्युकर म्हणजे ती काळी बुरशी वाढली तेव्हा बहुतेकांना डायबेटीस होता आणि स्टिरॉइड घेऊन झालेलं होतं. मी चिठ्ठीच्या फोटोवर औषध देत नव्हतो, त्यावरून शिव्याही खाल्ल्या, पण आजही देत नाही.

ऑक्सिमीटर नीट कसा लावायचा

हे मशीन आता बऱ्याच घरांत आहे पण वापरता फार थोड्यांना येतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आधी पाच मिनिटं शांत बसा. हात गार असतील तर चोळून गरम करा, गार बोटावर आकडा कमी येतो आणि घरात रडारड होते. नेलपॉलिश काढा, बोटावर मेंदी असेल तर मेंदी नसलेलं बोट घ्या. मधलं बोट किंवा अंगठ्याशेजारचं बोट आत शेवटपर्यंत सरकवा, हात छातीशी टेकवून स्थिर ठेवा आणि एक मिनिट थांबा. सुरुवातीला आकडा नाचतो, 88, 93, 97, तो बघून घाबरायचं नाही, स्थिर झालेला आकडा तोच खरा. तो तारीख आणि वेळ टाकून कागदावर लिहायचा, दिवसातून तीन-चार वेळा. एका आकड्यापेक्षा सगळ्या दिवसांचे आकडे एकाखाली एक बघितले की कळतं गाडी कुठे चाललीय.

धडधाकट माणसाला 95 ते 100 येतो. 94 च्या खाली स्थिर राहिला की डॉक्टरला फोन, 90 च्या आसपास आला की फोनबिन नाही, सरळ दवाखाना. कोविडमध्ये सहा मिनिटं चालायची टेस्ट सांगायचे ती चांगली होती, आकडा घ्यायचा, घरातल्या घरात सपाट जमिनीवर सहा मिनिटं चालायचं, परत घ्यायचा. तीनपेक्षा जास्त उतरला किंवा 93 च्या खाली गेला तर ऑक्सिजन कमी पडतोय. ज्याला बसल्या जागी दम लागतोय किंवा दमा आहे त्याने ही टेस्ट करायची नाही.

दहा सेकंद श्वास रोखता आला म्हणजे फुप्फुस ठीक हा मेसेज आठवतोय? त्याला काही अर्थ नाही, तरुण पोरगा आजारी असूनही रोखेल आणि सत्तरीतल्या आजीला ठणठणीत असूनही जमणार नाही. आणि मोबाईलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून ऑक्सिजन दाखवणारी ॲप उतरवूच नका, त्या आकड्यावर विसंबता येत नाही आणि काही ॲप तर माहिती चोरायलाच बनवलेली होती.

फॉरवर्ड आला की

पहिलं काम, काहीच करायचं नाही. वाचायचा, फोन खाली ठेवायचा, हातातलं काम संपवायचं. तेवढ्या वेळात अर्धी घबराट उतरते. मेसेजवर दुहेरी बाण आणि "बऱ्याच वेळा फॉरवर्ड केलेला" असं दिसलं की समजायचं हा पाठवणाऱ्याने लिहिलेला नाही, मामाने पाठवला म्हणजे मामाला माहीत आहे असं नाही. एप्रिल 2020 पासून असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो, ती सोय व्हॉट्सअ‍ॅपने याच कारणासाठी केली.

मग मेसेजमधला आकडा शोधा. आकडा असेल तर तो घरातल्या एखाद्या वस्तूशी जुळवून बघा, यासारखी सोपी परीक्षा नाही. मार्च 2020 मध्ये युनिसेफच्या नावाने एक मेसेज फिरला, त्यात लिहिलेलं की विषाणूचा आकार 400 ते 500 मायक्रॉन आहे म्हणून कुठलाही मास्क चालतो आणि 26-27 डिग्रीला तो मरतो. आता 1000 मायक्रॉन म्हणजे 1 मिलिमीटर, म्हणजे हा विषाणू जवळपास अर्धा मिलिमीटरचा झाला, रव्याच्या कणाएवढा! चिमटीत धरता आला असता. खरा विषाणू साधारण 0.1 मायक्रॉनचा, म्हणजे मेसेजमधल्यापेक्षा चार-पाच हजार पट लहान. आणि 27 डिग्रीला मरत असता तर 37 डिग्रीच्या माणसाच्या अंगात तो जगला कसा? एवढं बघायला डॉक्टर असावं लागत नाही, सातवी-आठवीतलं पोर सांगेल. युनिसेफने हा मेसेज आमचा नाही असं जाहीर केलं पण तोवर तो गावोगाव पोचला होता.

जनता कर्फ्यूच्या वेळचा, 22 मार्चचा, तो 14 तासांचा मेसेज तसाच, विषाणू 12 तास जगतो म्हणून 14 तास घरात बसलं की साखळी तुटली. अहो तो दाराच्या कडीवर मरेल, पण माणसाच्या अंगात तर वाढत राहतो ना.

आकडा नसेल तर तीन गोष्टी बघा. तारीख आहे का, गावाचं नाव आहे का, सांगणारा कोण. "एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं" म्हणजे कोणीच सांगितलं नाही. "आज रात्री हेलिकॉप्टरमधून औषध फवारणार" यात आज म्हणजे कुठला आज? जानेवारी 2025 मध्ये एचएमपीव्हीची बोंब झाली तेव्हाही तेच, चीनमध्ये नवीन व्हायरस आला म्हणून ग्रुपवर मास्कवाल्या गर्दीचे जुने फोटो, आणि माझ्याकडे सकाळपासून मास्कची मागणी. हा विषाणू 2001 मध्येच नेदरलँड्समध्ये ओळखला गेलाय, आणि त्याच्या आधीपासून तो माणसांत होता.

व्हिडिओ असेल तर स्वतः करून बघा, धोका नसेल तरच. 2021 च्या जूनमध्ये लस घेतल्यावर अंगाला ताट-चमचे चिकटतात असा नाशिकचा व्हिडिओ फिरला. माझ्या दुकानात एक जण दंडाला नाणं चिकटवून दाखवत होता. मी म्हणलं थांब, त्याच्या दंडाला टाल्कम पावडर लावली आणि परत नाणं लाव म्हणलं, ते घसरून खाली पडलं. घामाने आणि त्वचेच्या तेलाने चिकटत होतं, चुंबक असता तर पावडरीने काय फरक पडला असता. मग शेजारी उभ्या असलेल्या, अजून लस न घेतलेल्या पोराच्या घामट दंडालाही तेच नाणं चिकटवून दाखवलं. बघायला जमलेल्यांतल्या दोघांनी त्याच आठवड्यात लस घेतली.

पण सगळ्या गोष्टी करून बघता येत नाहीत. पाळीच्या पाच दिवस आधी आणि नंतर लस घेऊ नका हा मेसेज 2021 च्या एप्रिलमध्ये आला, तो खोटा होता, सरकारने तसं सांगितलंही, पण कितीतरी मुलींनी महिना घालवला आणि तो महिना नेमका दुसऱ्या लाटेचा होता. अशा वेळी कागदावरच्या त्या एका माणसाला फोन करायचा. त्यालाही लगेच माहीत नसेल तर तो विचारून सांगेल, तोवर मेसेज आपल्याकडेच थांबला पाहिजे.

मला अजून वाटतं की पेपर बंद झाले तेव्हा फार नुकसान झालं. मार्च 2020 च्या शेवटी मुंबई-पुण्यात घरपोच पेपर थांबले, कागदावरून विषाणू येतो ही भीती त्यामागे होती, आणि नेमक्या त्या दिवसांत म्हाताऱ्या माणसांच्या हातात व्हॉट्सअ‍ॅपच उरलं. पुढच्या वेळी आकाशवाणीच्या बातम्यांची वेळ आधीच माहीत करून ठेवा, रेडिओ घरात असू द्या, दिवसातून दोनदा बातम्या आणि बाकी वेळ टीव्ही बंद.

घरातल्या मोठ्यांशी कसं बोलायचं

आत्याने ग्रुपवर काही टाकलं आणि भाच्याने तिथेच सगळ्यांसमोर "हे खोटं आहे, काहीही काय पाठवता" लिहिलं की आत्या ते कधीच मागे घेणार नाही, हे मी आमच्या घरात बघितलंय. तिला वेगळा फोन करा. आधी तिचं ऐकून घ्या, कारण तिने ते काळजीने पाठवलंय. मग म्हणा, आत्या, मी डॉक्टरांना विचारलं, ते असं म्हणाले, तूच आता ग्रुपवर टाक ना, तुझं सगळे ऐकतात. निम्म्या वेळा ती टाकते. खुलासा दोन ओळींचा आणि आधी खरी गोष्ट सांगणारा असावा, खोटा मेसेज परत चिकटवून त्याच्यावर लाल फुली मारू नका, लोक फुली बघत नाहीत, मेसेजच वाचतात.

घरगुती उपायावर तुटून पडू नका. हळदीचं दूध प्यायचंय, पिऊ द्या. म्हणा की आजी, काढा घे पण आकडा पण मोजू, ताप तिसऱ्या दिवशी उतरला नाही तर डॉक्टरकडे जायचं, कबूल? ही कबुली पहिल्याच दिवशी घ्या. काकांच्या घरात तेवढीच राहून गेली. वाफ मात्र सांभाळून, उकळतं पातेलं मांडीवर सांडून भाजलेली लहान मुलं माझ्याकडे मलम न्यायला आणलीयेत, आणि कापूर पोटात गेला तर विष आहे, लहान मुलाला तर थोडासुद्धा बाधतो.

नंबर आणि पैसे

एप्रिल 2021 मध्ये बेड, रेमडेसिविरचं इंजेक्शन, ऑक्सिजनचे सिलिंडर यांच्या नंबरांच्या लांबलचक याद्या फिरत होत्या. त्यातले बरेच बंद, काही सतत बिझी आणि काही सरळ फसवणारे, अर्धे पैसे आधी पाठवा मग माल देतो, पैसे गेले की फोन बंद. नियम एकच, स्वतः फोन लावून बोलल्याशिवाय नंबर पुढे पाठवायचा नाही, आणि पाठवताना लिहायचं "मी बोललो, तारीख अमुक, दुपारी 4 वाजता दोन बेड होते". गरज संपली की ग्रुपवर सांगायचं की संपली, नाहीतर त्या बिचाऱ्या माणसाला पुढे आठवडाभर फोन येत राहतात. पैसे गेलेच तर लगेच 1930 ला कळवा, जितका उशीर तितकी आशा कमी.

ज्या रेमडेसिविरसाठी लोकांनी मंगळसूत्रं मोडली त्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर 2020 मध्येच सांगितलं होतं की दवाखान्यात ॲडमिट पेशंटचे जीव त्याने वाचतात असा पुरावा नाही. बऱ्या झालेल्या पेशंटच्या रक्तातला प्लाझ्मा चढवणं तर मे 2021 मध्ये आपल्या सरकारी उपचारांच्या यादीतून काढलाच. म्हणून डॉक्टरने धावपळ करायला लावली तर शांतपणे विचारा, हे नाही मिळालं तर काय होईल, दुसरं काही आहे का? विचारायचा हक्क आहे आपला.

गावाचं, सोसायटीचं

अफवेने फक्त आजारी माणूस मरत नाही. 14 एप्रिल 2020 ला गाड्या सुटणार या आशेवर वांद्रे स्टेशनबाहेर शेकडो मजूर जमले. दोनच दिवसांनी पालघरच्या गडचिंचलेत चोर आणि मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेत तिघांना मारून टाकलं. त्याच्या दोन वर्षं आधी, 1 जुलै 2018 ला, धुळ्याच्या राईनपाड्यात पाच जणांना तसंच मारलं होतं, तेव्हा साथही नव्हती, फक्त व्हॉट्सअ‍ॅप होतं. अनोळखी माणसाबद्दलचा मेसेज आला तर तो ग्रुपवर नाही, 112 ला. ग्रुपचे ॲडमिन असाल तर साथीच्या काळात पोस्ट टाकायचा अधिकार दोन-तीन जणांकडेच ठेवा, त्यात एक तरी आरोग्याचं काम करणारा घ्या. आणि सगळ्यांना सांगून ठेवा की आपत्तीच्या काळात खोटी घबराट पसरवली तर आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम 54 खाली एक वर्षापर्यंत शिक्षा आहे.

एक गोष्ट मात्र समजून घ्या, लोक आजार लपवतात ते भीतीपोटी. 1897 ला पुण्यात प्लेग आला तेव्हा प्लेगचा इंग्रज अधिकारी रँड याचे गोरे सोल्जर घरात घुसून झडत्या घ्यायचे, तर लोक पेशंट माळ्यावर लपवायचे. मुंबईत दवाखान्यात माणसं मारून त्यांचं तेल काढतात अशी अफवा होती, 1896 च्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या दवाखान्यावर हल्लाच केला. त्याच साथीत सावित्रीबाई प्लेगच्या पोराला पाठीवर घेऊन हडपसरच्या दवाखान्यात घेऊन गेल्या आणि 10 मार्च 1897 ला त्याच आजाराने गेल्या. आपल्या वेळीही दारावर स्टिकर लागेल, कामावरून काढतील, पाणी भरू देणार नाहीत या धास्तीने लोकांनी ताप लपवला. 2020 मध्ये आमच्या गल्लीत एका घराचं दूध बंद केलं होतं. म्हणून आजारी घराला दोन वेळचा डबा कोण देणार, किराणा कोण दारात ठेवणार, त्यांची गुरं किंवा नळाचं पाणी कोण बघणार, याची पाळी आधीच लावून ठेवा. ज्याला माहीत असतं की आपल्याला डबा मिळणार आहे तो खोकला लपवत नाही.

फवारणी बोगद्यावर सोसायटीचे पैसे घालवू नका, माणसांवर जंतुनाशक मारू नका असं आरोग्य मंत्रालयाने एप्रिल 2020 मध्येच सांगितलंय, डोळ्यांना आणि श्वासाला अपाय होतो. तेच पैसे दोन चांगले ऑक्सिमीटर आणि एक सिलिंडर भाड्याने आणायला ठेवा. आणि साथ प्रत्येक वेळी श्वासाचीच असेल असं नाही. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रोडला जीबीएस, म्हणजे हातपाय लुळे पडण्याचा आजार, वाढला तेव्हा संशय पाण्यावर होता, तिथे मास्क काय कामाचा, तिथे पाणी उकळणं, टाकी धुणं आणि मेडिक्लोर, म्हणजे पाण्यात टाकायचं क्लोरीनचं औषध, लागतं. म्हणून आधी विचारायचं, हा आजार पसरतो कशाने, हवेने, पाण्याने, डासाने की स्पर्शाने, आणि मग डबा उघडायचा.

डबा वर्षातून दोनदा खाली काढा, आमच्याकडे गुढीपाडवा आणि दसरा हे दोन दिवस ठरवलेत. गोळ्यांची तारीख बघा, कागदावरच्या औषधांची नावं बदलली असतील तर खोडून नवीन लिहा, एकदा प्रत्येक नंबर लावून बघा. ऑक्सिमीटरमधले सेल काढून वेगळ्या पुडीत बांधून त्याच डब्यात ठेवा, आत तसेच राहिले तर गळून मशीन जातं, लोक असं गंजलेलं मशीन माझ्याकडे घेऊन येतात आणि तोवर घरात कोणीतरी तापलेलं असतं.